सुखदेवची उंची

खराडीच्या विहिरीतली हाडं आमच्या विभागात आली ती सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात. वर सुतळी बांधलेली. हवालदार जयसिंग यांनी पोतं माझ्या टेबलाशी टेकवलं आणि म्हणाले, "मॅडम, सही द्या." गॅसचं सिलिंडर पोचवायला आल्यासारखं.

मी म्हटलं, "अहो, माणूस आहे तो."

ते म्हणाले, "म्हणूनच सही पाहिजे."

साल २००४. मी प्रियदर्शनी खोब्रागडे, पुण्यातल्या एका महाविद्यालयात जैविक मानवशास्त्र शिकवते. माणूस कसा घडत आला, एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणच्या माणसाहून कसा आणि किती वेगळा, हे हाडांवरून, दातांवरून, उंचीरुंदीवरून अभ्यासायचं शास्त्र. मला बघायला आलेल्या एका इंजिनियरने विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही हात बघता का?" त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही, हे सांगायला नको. आमचा तळमजल्यावरचा हॉल संगणक विभागाने कधीच गिळला होता. तिथे एसी होता, आमच्याकडे वरच्या मजल्यावर कवट्या आणि गळकं छत. एम.एस्सी.ला मोजून तीन विद्यार्थी, आणि तिघांचंही अर्धं लक्ष खराडीतल्या कॉल सेंटरांच्या जाहिरातींकडे.

मी हा विषय का घेतला हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या आजोबांच्या आधीच्या पिढ्यांची नाकं इंग्रज साहेबांनी मोजली आणि नाकाच्या रुंदीवरून कोण कुठल्या पायरीचा ते ठरवलं. आमच्या घरात छप्पन साली दीक्षा झाली, पण ती मापं पुस्तकांत तशीच राहिली. तसल्याच मोजपट्ट्या आज माझ्या कपाटात आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. मापाने माणसाचं काय होऊ शकतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, असा माझा समज होता.

तर हाडं. खराडीत एका आयटी पार्कचा पाया खणताना जेसीबीच्या दातांना लागली. तिथे पूर्वी शेत होतं, शेतात विहीर होती, जमीन विकली तेव्हा ती राडारोडा टाकून बुजवली होती. हाडं स्त्रीची की पुरुषाची, वय काय, उंची किती, एवढं आम्ही पोलिसांना लिहून द्यायचं होतं.

आमचे विभागप्रमुख डॉ. अनिरुद्ध परचुरे. विद्वान माणूस, पण पुस्तकात जे आहे ते जगात असलंच पाहिजे असा हट्ट. ओटीपोटाचं हाड जेसीबीने फोडलेलं होतं, म्हणून सरांनी मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मोजला, कवटी हातात फिरवली, भुवयांवरचा उंचवटा चाचपला. गोळा लहान, कपाळ गुळगुळीत, सगळंच नाजूक. परदेशी पुस्तकातल्या तक्त्यात बोट ठेवून सर म्हणाले, "स्त्री. चाळिशीच्या आसपास. उंची पाच फूट, फार तर इंचभर वर. लिहा."

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विहिरीच्या जुन्या मालकांना आमच्या विभागात बोलावून घेतलं. रावसाहेब आले. गळ्यात सोन्याची साखळी, हातात दोन मोबाइल, पांढरी स्कॉर्पिओ नेमकी प्राचार्यांच्या जागेवर लावलेली. मागे त्यांची थोरली भावजय, मालनबाई. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पाठीला चांगलाच बाक. आमच्या धंद्यात माणूस दिसला की आधी सांगाडाच दिसतो. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझी वाहून मणके दबलेत, असं मी ती जिना चढत असतानाच ठरवून टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीलाही सांगितलं, की बघ, पुस्तकातलं चित्र चालत येतंय.

मालनबाईंचा नवरा सुखदेव सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नाहीसा झाला होता. विहिरीतल्या पंपाचा व्हॉल्व्ह बघून येतो म्हणून गेला तो गेलाच. त्याच आठवड्यात वीटभट्टीवरची एक बाई निघून गेली होती. गावाने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि सुखदेव त्या बाईबरोबर पळाला असं ठरवून मोकळं झालं. त्याच आठवड्यात विहिरीची एक बाजूही ढासळली होती, पण ती कुणी जोडली नाही. मालनबाई एकट्याच सांगत राहिल्या, की ते विहिरीत आहेत, बघा. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं गाव किती ऐकतं हे मी सांगायला नको.

सरांनी निकाल सांगितला. "हाडं बाईची आहेत."

रावसाहेबांनी भरल्या पोटाने टाकावा तसा सुस्कारा टाकला. "मंग मिटलं. वैनी, ऐकलं न्हवं? बाई हाय ती. चला."

"बाई न्हाई त्यो," मालनबाई म्हणाल्या. "माझा मालक हाय."

"अहो, हे शास्त्र आहे," सर म्हणाले. "इथे आपल्याला काय वाटतं याला किंमत नसते."

रावसाहेब गेले. मालनबाई गेल्या नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिल्या. संध्याकाळी शिपायाने कुलूप लावलं तेव्हा उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी विभाग उघडायच्या आत पुन्हा तिथेच. मला राग आला. त्यांचा नाही, स्वतःचाच. कारण सर ज्या तक्त्यावर बोट ठेवून बोलले होते, त्याच तक्त्याशी मी तीन वर्षं भांडत होते. तो तक्ता गोऱ्या, धिप्पाड माणसांच्या हाडांवरून केलेला. आपल्याकडचा लहान चणीचा पुरुष त्या तक्त्यात घातला की त्याची बाई होते. मी हे स्थानिक हाडांवर मोजून दाखवलं होतं, निबंध लिहिला होता, आणि तरी सरांनी "लिहा" म्हटल्यावर मी निमूट लिहिलं होतं.

मी पोत्याच्या तळाची माती चाळून काढली. ओटीपोटाच्या हाडाचा एक मोठा तुकडा निघाला, मागच्या बाजूची खाच शाबूत असलेला. ही खाच बाईत रुंद असते, पुरुषात अरुंद. तपासायची रीत अगदी साधी आहे. खाचेत अंगठा घालायचा आणि हलवून बघायचा. माझा अंगठा घट्ट बसला. हलायला तसूभर जागा नव्हती.

मी तुकडा घेऊन सरांकडे गेले. "सर, हा पुरुष आहे."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "एका तुकड्यावरून?"

"बाकीची मापं परदेशी तक्त्यातली आहेत. माझ्या निबंधात..."

"तुमचा निबंध छापून आला की अवश्य वाचू." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बरं, पुरुष म्हणा. पण पाच फुटांचा पुरुष त्या भागात हरवलाय का? जयसिंगांना विचारा. तसा कुणी नसेल तर अहवाल सोमवारी जाईल. हाडं कुणी मागितली नाहीत, की आपल्याकडेच राहतील. प्रात्यक्षिकाला पूर्ण सांगाडा मिळून किती वर्षं झाली, तुम्हीच आठवा."

यात खोटं काहीच नव्हतं. मुलं शिकायची ती तारेने जोडलेल्या, झिजलेल्या सांगाड्यावर. हा नवा सांगाडा ट्रेमध्ये गेला असता, कवटीवर काळ्या शाईने क्रमांक पडला असता आणि दर वर्षी तीन मुलांनी त्याच्या खाचेत अंगठा घातला असता. एरवी मीच खूश झाले असते. बाहेर ती बाई बसली होती म्हणून अंगावर काटा आला.

जयसिंगांनी फोनवर चौकीतली नोंद सांगितली. "त्या भागातला एकच माणूस बेपत्ता आहे मॅडम, हाच सुखदेव. पण उंची पाच फूट पाच. बायकोनेच लिहून दिलेली."

पाच पाच. मी बाहेर जाऊन मालनबाईंना सरळ विचारलं, "तुमचे मालक उंचीला किती होते?"

"पाच फूट पाच," त्या लगेच म्हणाल्या. पाढा म्हणावा तसं.

"नक्की?"

"आता त्येत नक्की काय? नवरा हाय माझा."

म्हणजे हाडं त्याची नव्हती. विहिरीत दुसराच कुणीतरी होता आणि सुखदेव खरंच त्या वीटभट्टीवरच्या बाईबरोबर कुठेतरी सुखात असावा. मी अंगठ्याच्या जोरावर सात वर्षांची जखम उकरत होते. तरी मन मानेना. मी रावसाहेबांना फोन लावला आणि भावाची उंची विचारली. पलीकडे वाहनांचा घरघराट होता.

"पोलिसात काय लिवलंय?"

"पाच पाच."

मग म्हणाले, "मंग त्येच खरं धरा की, मॅडम. तुमच्या त्या हाडांपायी हितं बिल्डरचं काम थांबलंय." आणि फोन ठेवला. सख्ख्या भावाची उंची सांगायला पोलिसात काय लिहिलंय ते विचारणारा माणूस. माझं डोकं तिथे फिरलं.

शनिवारी दुपारी विभागात कुणी नसताना मी मालनबाईंना आत बोलावलं. चहा मागवला. फूट आणि इंच सगळ्यांना सांगता येतातच असं नाही. पण बरोबर राहिलेलं माणूस आपल्या खांद्याशी यायचं की कानाशी, हे अंगाला माहीत असतं. मी कपाटातून उंची मोजायची धातूची काठी काढली. तिच्यावर एक आडवी पट्टी वरखाली सरकते.

"इथे काठीला लागून उभ्या राहा. मालक तुमच्या शेजारी उभे आहेत असं समजा. त्यांचं डोकं जिथवर यायचं, तिथे ही पट्टी धरा."

त्या उभ्या राहिल्या, वाकलेल्याच. पट्टी धरली आणि आपल्या डोक्याच्या वर चांगली अर्धी वीत नेली. "हितवर."

मी आकडा बघितला. पाच फूट पाचच्या जवळपास. संपलं. मी वहीत लिहिणार होते, पण सवय आडवी आली. कुणी काठीशी उभं राहिलं की मी त्याची उंची घेतल्याशिवाय सोडत नाही, आणि ती नीट घेते. टाचा जुळवायच्या, नजर समोर, मग कानांमागे दोन्ही हातांची बोटं लावून डोकं अलगद वर उचलून धरायचं. त्याने पाठीचा कणा जेवढा सरळ होऊ शकतो तेवढा होतो. मणके दबलेले असतील तर तो होत नाही.

"सरळ उभ्या राहा."

"ऱ्हायलेय की."

मी त्यांच्या कानांमागे बोटं लावली आणि वर उचललं. पाठ वर आली. कुठेही न अडता, न दुखता, सबंध पाठ वर आली आणि बाक नाहीसा झाला. मी उंचीने बरी आहे, पण त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या वर गेले. त्यांनी अर्धी वीत वर धरलेली पट्टी आता त्यांच्या टाळूला टेकत होती. पाच पाच ही त्यांचीच उंची होती. त्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं.

मी हात काढले. त्या लगेच वाकल्या नाहीत. काठीला टेकून तशाच राहिल्या आणि हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, दार लावा," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं. त्या काठीकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या आणि पट्टी स्वतःच्या तोंडासमोर खाली सरकवत आणली. कपाळावर आली, कुंकवाच्या जरा खाली थांबली.

"हितं यायचे," त्या म्हणाल्या. "हितवरच."

पाच फूट.

"लग्नात तेंच्या पाटाखाली आणिक एक पाट ठिवला हुता. तरी अंतरपाट काढला तर आख्खा मांडव हसला. माझ्या मामानं कानात सांगितलं, पोरी, जरा वाकून. म्या वाकले. तवा खाली घातलेली मान पुन्हा वर केली न्हाई. मी वाकले की आमी बरोबरीला यायचो."

"त्यांना माहीत होतं?"

"न्हाई!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "तेंना वाटायचं, माझी पाठच तशी हाय. ससूनला घिऊन गेलते. डाक्टर म्हनला, काय दिसत न्हाई. तर म्हनले, डाक्टर खुळा हाय. रोज सांजचं तेल चोळायचे माझ्या पाठीला. एवढ्या एवढ्या हातांनी." त्यांनी हातांचं माप दाखवलं. "आनि लोक म्हनत्यात, दुसरीसंगं गेला."

मला रडू आलं. शिकवणाऱ्या बाईने असं रडू नये, पण आलं. जिने चढणाऱ्या त्या पाठीकडे बोट दाखवून मी पोरीला काय सांगितलं होतं ते आठवलं आणि तोंड लपवावंसं वाटलं.

"मग पोलिसात पाच पाच का सांगितलंत?"

"चौकीत चार मानसं हुती गावची. रावसाहेब हुते. तेंच्या म्होरं बुटका म्हनू व्हय मी माझ्या मालकाला? सगळा जन्म झाकलं, आनि त्यो नसताना उघडं करू?"

मी त्यांना समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. हाडं पाच फुटांच्या पुरुषाची आहेत. नोंदीत पाच पाच आहे तोवर पोलीस ती सुखदेवची मानणार नाहीत. खरी उंची लिहून दिली तर रावसाहेबांचं रक्त मागवता येईल, भावाशी जुळतं का ते प्रयोगशाळा सांगेल. त्या ऐकत होत्या आणि पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या. कपाळावरचं कुंकू माझ्यासमोर होतं. खरी उंची लिहिली की ते जाणार होतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. ते शब्दांत सांगायचं धाडस मला झालं नाही.

"कागदावं पाच पाचच ऱ्हाऊ द्या आनि तेंना मला द्या," त्या म्हणाल्या. "आसं न्हाई व्हत?"

"नाही होत, मालनबाई."

खाली संगणक विभागाच्या एसीचं पाणी पत्र्यावर टपटपत होतं.

"मंग लिवा पाच," त्या शेवटी म्हणाल्या. "पर तिथं त्या पोलिसांना सांगा, मोठ्यानं वाचू नगा."

सोमवारी सकाळी मी नवा अहवाल आणि हाडाचा तो तुकडा सरांच्या टेबलावर ठेवला. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते, मुद्दे पाठ केले होते. सरांनी अहवाल वाचला. मग तुकडा उचलला, खाचेत स्वतःचा अंगठा घातला आणि हलवून बघितला. पुन्हा एकदा बघितला.

"आधीच्या अहवालावर माझी सही आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग यावरही माझीच हवी. चुकलं कोण ते कळू दे." त्यांनी सही केली आणि टोपण लावता लावता म्हणाले, "तुमचा तो निबंध ठेवून जा. वाचतो."

रावसाहेबांनी रक्त द्यायला आढेवेढे घेतले. जयसिंगांनी चौकीत बसवून घेतलं तेव्हा दिलं. निकाल यायला पावसाळा संपला. जुळलं. आयटी पार्कचे मजले तोवर काचा लावायला आले होते.

हाडं न्यायला मालनबाई आल्या त्या दिवशी मी ती पोत्यात दिली नाही. विभागातली चांगली लाकडी पेटी रिकामी केली, पांढरं सुती कापड अंथरलं, कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं क्रमाने लावलं. क्रमांक घातला नव्हता. रावसाहेब खाली जिन्याशी उभे होते, मोबाइल बंद करून. जयसिंगांनी टोपी काढून हातात घेतली.

मालनबाईंचं कपाळ मोकळं होतं. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी म्हटलं, "जड आहे, शिपायाला देते."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जड न्हाईत ते."

आणि त्या जिना उतरायला लागल्या. ताठ. मान वर, खांदे मागे, पाठीत कुठे बाक नाही. आता वाकायचं कुणासाठी? ते मोकळं कपाळ मी सहन केलं होतं, पण ती सरळ पाठ बघवेना. कठड्याला धरून मी वरच उभी राहिले.

खाली रावसाहेब पेटी घ्यायला पुढे झाले आणि थबकले. त्यांना मान वर करून बघावं लागत होतं. त्या पुढे निघून गेल्यावर ते जयसिंगांकडे वळून म्हणाले, "सत्तावीस वर्सं एका घरात हाय आमी. वैनी एवढ्या उंच हायत व्हय?"

जयसिंगांनी वर माझ्याकडे बघितलं. मी आत वळले.